अल्ब्युमिन ३.१ : डायलिसिसच्या रिपोर्टमधली ही ओळ कुणी बघतं का?

विश्रामबागकर

डायलिसिसचा महिन्याचा रिपोर्ट हातात आला की घरातली माणसं आधी क्रिएटिनिन बघतात, मग पोटॅशियम, मग हिमोग्लोबिन. क्रिएटिनिन ८ वरून ६ वर आलं की सगळ्यांना हायसं वाटतं. पण क्रिएटिनिन स्नायूंतूनच तयार होतं, त्यामुळं डायलिसिसवरच्या माणसाचं ते स्नायू झिजल्यामुळंही उतरतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याच कागदावर खाली कुठंतरी 'सीरम अल्ब्युमिन' अशी एक ओळ असते. तिच्यावर कुणाचं बोट जात नाही. हा धागा त्या ओळीसाठी काढलाय.

अल्ब्युमिन हे आपल्या रक्तातलं सगळ्यांत जास्त प्रमाणात असणारं प्रथिन. ते यकृतात तयार होतं, साधारण वीस दिवसांत त्यातलं निम्मं मोडतं आणि तेवढंच नवं तयार होतं. निरोगी माणसात ते डेसिलिटरला ३.५ ते ५ ग्रॅम असतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांच्या आत धरून ठेवायचं मोठं काम त्याच्याकडं आहे.

आता मुद्द्याचं. १९९० साली लौरी आणि ल्यू या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या १२ हजारांहून जास्त हिमोडायलिसिस (मशीनवर रक्त शुद्ध करायचं डायलिसिस) रुग्णांचे नेहमीचेच रिपोर्ट एकत्र करून पाहिले. त्यासाठी कुठली खास महागडी तपासणी केली नव्हती. पुढं कोण जगलं आणि कोण गेलं, याच्याशी प्रयोगशाळेतला कोणता आकडा सगळ्यांत जास्त जुळतो, एवढाच प्रश्न होता. उत्तर निघालं अल्ब्युमिन. ज्यांचं ४ ते ४.५ होतं त्यांच्या तुलनेत ३.५ ते ४ वाल्यांनाही मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट, आणि त्याखाली जाईल तसा तो चढतच गेला. म्हणजे ज्या ३.६ ला लॅबवाला 'नॉर्मल' म्हणून साधं छापतो, तो आकडासुद्धा डायलिसिसवाल्यासाठी निवांत बसण्याचा नाही. १९९३ साली १३,४७३ रुग्णांचा आणखी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डायलिसिसनं युरिया किती टक्के उतरतो हे आणि अल्ब्युमिन, असे दोन्ही आकडे तपासले होते. दोन्ही महत्त्वाचे ठरले, पण अल्ब्युमिन जास्त वजनदार ठरलं.

आमच्या आईचं गेले काही महिने ३.१ च्या आसपास आहे. मधुमेह जुना, डायलिसिस मिरजेत. युरिया व्यवस्थित उतरतो, मशीनवर तिला त्रास होत नाही. काट्यावर वजनही तेवढंच दाखवतं. पण हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्यात आणि पायाच्या नडगीवर अंगठा दाबला की खड्डा तसाच राहतो. मांस जातंय आणि त्या जागी पाणी येतंय, म्हणून काटा हलत नाही. तिच्या पथ्याचा कागद अजून डायलिसिस सुरू होण्याआधीचाच आहे : डाळ बंद, अंडी बंद, दूध अर्धा कप. डायलिसिस सुरू झाल्यावर हा कागद बदलायचा असतो, असं आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं. मला वाटतं आपल्या जिल्ह्यात अशी घरं बरीच असतील. तुमच्याकडं काय चाललंय ते लिहा, आणि कुणी या क्षेत्रातलं असेल तर नक्की बोला.

पेठभाग_हळद

आमच्याकडं हुबेहूब हाच कागद आहे ओ. फ्रीजवर चिकटवलाय. वडिलांना मटण-अंडी बंद करून दोन वर्षं झाली, त्यातलं एक वर्ष डायलिसिसचं. आत्ता रिपोर्ट काढून बघितला, अल्ब्युमिन २.९. मग आता अंडी द्यायची का नाही? सरळ सांगा.

रात्रपाळी_टेक्निशियन

मी सांगलीत डायलिसिस टेक्निशियन आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही.

पेठभागवाले दादा, अंड्याचं डॉक्टरांना विचारूनच करा, पण हा प्रश्न पुढच्या पाळीलाच विचारा, महिनाभर थांबू नका. किडनी कमजोर असते पण डायलिसिस लागलेलं नसतं तेव्हा प्रथिनं कमी द्यायची असतात, कारण त्यातून होणारा युरिया बाहेर काढायला कुणी नसतं. डायलिसिस लागलं की गणित उलटं होतं. युरिया मशीन काढतं, आणि काढताना कामाची अमिनो आम्लंही सोबत जातात. एका बैठकीत साधारण ६ ते १२ ग्रॅम. आठवड्यातून तीन वेळा. त्यात चार तास रक्त बाहेर फिरत असताना शरीर स्वतःचे स्नायूही मोडत असतं. म्हणून २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत डायलिसिस नसताना, मधुमेह नसलेल्याला, किलोमागं ०.५५ ते ०.६ ग्रॅम प्रथिनं आहेत, आणि डायलिसिसवर असताना १ ते १.२ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ दुप्पट.

मला खुर्चीशेजारून जे दिसतं ते सांगतो. सकाळच्या पहिल्या पाळीला जतकडचे, कवठेमहांकाळकडचे पेशंट पहाटे घर सोडतात. पोटात नुसता चहा. चार तास मशीन, मग एस.टी., घरी पोचेपर्यंत दुपार टळलेली. थकवा एवढा असतो की न जेवता झोपतात. उठतात संध्याकाळी. डायलिसिसच्या दिवशी माणूस दिवसभरात एक भाकरीही नीट खात नाही, आणि असे आठवड्यातले तीन दिवस. नातेवाईक डबा आणतात, त्यात बिस्किटं किंवा पोहे. ज्यांचा बी.पी. मशीनवर पडत नाही, त्यांना डॉक्टरांच्या परवानगीनं पहिल्या तासाभरात थोडं काही खाता येतं. ज्यांचा पडतो त्यांनी आधी किंवा नंतर खावं, मधे नको. पण डब्यात काहीतरी प्रथिनाचं असू द्या.

आणि एक. ज्यांच्या मानेत डायलिसिसची नळी आहे आणि फिस्टुला (ऑपरेशननं हातातली शीर धमनीला जोडून केलेली जागा) अजून झाला नाही, त्यांचं अल्ब्युमिन बहुतेक वेळा कमीच दिसतं. याचं कारण डॉक्टर लोक नीट सांगतील.

अंकलीची_लेक

माझ्या सासूबाई डायलिसिसवर आहेत. आम्ही जैन. अंडं-मटण घरात येत नाही, कांदा-बटाटाही नाही, आणि सूर्यास्तानंतर त्या पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यांना दुपारची पाळी मिळाली आहे. हिवाळ्यात मशीन सुटेपर्यंत अंधार पडलेला असतो. म्हणजे त्या दिवशीचं जेवण दुपारी बाराला झालं ते झालं. अल्ब्युमिन ३.३. डॉक्टर म्हणाले "अंड्याचा पांढरा भाग द्या" आणि पुढचा पेशंट बोलावला. मी त्यांना अंडं देऊ शकत नाही आणि देणारही नाही. त्यांचं व्रत मोडून त्यांना जगवायचं, असं त्यांच्याशी बोलायची माझी हिंमत नाही, आणि ते बरोबर आहे असं मला वाटतही नाही. यातून वाट आहे का?

ताटवाटी

अंकलीच्या ताई, वाट आहे. मी आहारतज्ज्ञ आहे, किडनीच्या रुग्णांचं काम करते. पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला साधारण ५५ ते ६६ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या ताटात ती कुठून येतील ते मांडते.

चार मध्यम चपात्या म्हणजे साधारण १२ ग्रॅम. कच्ची मोजलेली ६० ग्रॅम मूगडाळ दोन जेवणांत मिळून १४ ग्रॅम. पनीर ७५ ग्रॅम घेतलं तर साधारण १३. एक पेला दूध ६, वाटीभर दही ३ ते ४. मूठभर भात ३. एवढ्यावर पन्नाशी ओलांडली. घरात सोयाबीनच्या वड्या चालत असतील तर कोरड्या २५ ग्रॅम वड्यांत १२-१३ ग्रॅम मिळतात, म्हणजे पनीरला एक दिवस सुट्टी. डायलिसिसवाल्यांसाठी शाकाहारात अडचण प्रथिनांची कमी आणि त्यासोबत येणाऱ्या पोटॅशियम-फॉस्फरसची जास्त असते. डाळ भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यायचं, मग नव्या पाण्यात शिजवायची, त्यानं पोटॅशियम उतरतं. डाळीतला फॉस्फरस दुधा-मांसातल्यापेक्षा कमी शोषला जातो, ही शाकाहाऱ्यांसाठी जमेची बाजू. दूध-पनीरच्या फॉस्फरससाठी डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती जेवतानाच घ्यायची. जेवणानंतर दोन तासांनी घेतली तर तिचा उपयोग होत नाही. हे मी रोज सांगते आणि रोज कुणीतरी गोळ्या सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या असतात.

हे आकडे समजण्यासाठी दिलेत. तुमच्या सासूबाईंचं पोटॅशियम, फॉस्फरस, साखर बघितल्याशिवाय कुणीही पक्कं ताट आखून देऊ नये.

पाळीचं मात्र आज करा. युनिटमध्ये जाऊन सकाळची पाळी मागा आणि कारण स्पष्ट सांगा : सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. सांगली-मिरजेत जैन पेशंट कमी नाहीत, ही मागणी कुणाला नवी नाही. पाळी बदलली की त्यांचं संध्याकाळचं जेवण परत मिळेल. कुठल्याही पावडरच्या डब्यापेक्षा ते मोठं आहे.

पेठभागवाल्या दादांसाठी : एका अंड्याच्या पांढऱ्या भागात साधारण साडेतीन ग्रॅम उत्तम प्रथिन असतं आणि फॉस्फरस जवळजवळ नसतो, तो पिवळ्यात असतो. म्हणून आम्ही पांढरं सुचवतो.

तासगाव_बागाईतदार

ताकद येण्यासाठी आम्ही वडिलांना रोज मूठभर बेदाणे देतो, घरचेच असतात. त्यानं अल्ब्युमिन वाढेल का?

ताटवाटी

बंद करा, आजपासून. बेदाण्यात प्रथिन १०० ग्रॅमला जेमतेम ३ ग्रॅम आणि पोटॅशियम ७०० मिलिग्रॅमच्या वर. डायलिसिसवाल्याचं हृदय पोटॅशियम चढल्यानं अचानक थांबू शकतं. दोन पाळ्यांमधल्या लांब सुट्टीत तर जास्तच धोका. घरच्या बागेचा माल आहे, प्रेमानं देता, हे कळतं मला. पण आजच थांबवा, आणि आधीचं पोटॅशियम किती होतं ते रिपोर्टवर बघा.

मिरज_लॅब

लॅबच्या बाजूनं थोडं. अल्ब्युमिन मोजायच्या दोन रंगपद्धती प्रचलित आहेत, बी.सी.जी. आणि बी.सी.पी. म्हणजे ब्रोमोक्रिसॉल ग्रीन आणि ब्रोमोक्रिसॉल पर्पल. ग्रीन हा रंग दुसऱ्या प्रथिनांनाही थोडा चिकटतो, त्यामुळं आकडा वर दाखवतो. डायलिसिसच्या रुग्णांत दोन पद्धतींमध्ये अर्ध्या ग्रॅमच्या आसपास फरक पडू शकतो. मागच्या महिन्यात सांगलीत एका लॅबला ३.७ आलं आणि या महिन्यात दुसरीकडं ३.२, तर पेशंट खालावलाच असेल असं नाही, लॅब बदलली असेल. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा.

दुसरं, नमुना डायलिसिस सुरू व्हायच्या आधी घ्यायचा असतो. मशीननं तीन लिटर पाणी काढल्यावर रक्त घट्ट होतं आणि अल्ब्युमिन वर दिसतं. उलट रविवारच्या सुट्टीनंतर अंगात चार लिटर पाणी साठलेल्या माणसाचं पातळ होऊन कमी दिसतं. ज्याचं पाणी काबूत नाही त्याचं खरं अल्ब्युमिन किती, हे कागदावरून सांगता येत नाही.

रात्रपाळी_टेक्निशियन

लॅबवाल्यांशी सहमत. ड्राय वेट, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावर राहायला हवं ते वजन, दोन किलोनं खाली आणल्यावर काहीही वेगळं न खाता अल्ब्युमिन वर आलेले पेशंट मी पाहिलेत. म्हणून 'पाणी कमी प्या' हा पण अल्ब्युमिनचाच सल्ला समजा. भडंग, लोणचं, पापड सोडा म्हणजे तहान आपोआप आवरते.

निवृत्त_गुरुजी_इस्लामपूर

मी या धाग्यावर थोडा नाराजीनं लिहीत आहे. माझ्या पत्नीचं अल्ब्युमिन कधीही ३.४ च्या वर गेलं नाही. तरी ती डायलिसिसवर पुष्कळ वर्षं जगली, नातवंडांची बारशी पाहिली, शेवटच्या वर्षापर्यंत दारात रांगोळी घातली. तुम्ही '१२ हजार लोकांत असं दिसलं' म्हणून लिहिता आणि इथं कुणाची तरी मुलगी रात्री दोन वाजता आईचा रिपोर्ट काढून आता किती दिवस उरले ते मोजत बसते. एवढ्या एका आकड्यावर माणसाच्या आयुष्याचं भाकीत करू नये.

विश्रामबागकर

गुरुजी, तुमचं म्हणणं डोक्यावर. तुमच्या पत्नींबद्दल वाचून बरं वाटलं. मी हे भाकीत म्हणून लिहिलेलं नाही. माझा राग एवढ्यावर आहे की दर महिन्याला जी खूण कागदावर छापून येते, ती बघून कुणी 'का?' असं विचारत नाही. ३.१ ला उत्तर मागितलं पाहिजे. आयुष्याची मुदत त्यावरून मोजायची नाही, हे तुमचं अगदी बरोबर.

वॉर्ड_राउंड

मी फिजिशियन आहे, किडनीच्या पेशंटमध्ये काम करतो. गुरुजींचा मुद्दा आणि मूळ धागा दोन्ही बरोबर आहेत, फक्त मधली कडी जोडायला हवी.

मोठ्या समूहात कमी अल्ब्युमिनवाल्यांत मृत्यू जास्त दिसतात, हे वारंवार सिद्ध झालंय. पण समूहावरून एका माणसाची तारीख काढता येत नाही. शिवाय एका वेळच्या आकड्यापेक्षा तो कुठं चाललाय ते जास्त बोलकं असतं. २००५ साली ५८ हजार डायलिसिस रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं : सुरुवातीचा आकडा काहीही असो, नंतरच्या महिन्यांत ज्यांचं अल्ब्युमिन चढलं ते जास्त टिकले, ज्यांचं उतरलं ते कमी. गुरुजींच्या पत्नींचं ३.४ वर स्थिर होतं. ४.० वरून तीन महिन्यांत ३.४ वर आलेला पेशंट मला जास्त काळजीत टाकेल.

आता 'का'. कमी अल्ब्युमिन म्हणजे कमी खाणं, असं सरळ समीकरण इथं बऱ्याच जणांनी धरलंय. ते अर्धंच खरं आहे. शरीरात कुठंही सूज (पाणी साठून येते ती नव्हे, आतला दाह) किंवा जंतुसंसर्ग धुमसत असला की यकृत आपलं काम बदलतं. सी.आर.पी.सारखी सूजेची प्रथिनं बनवायला लागतं आणि अल्ब्युमिन बनवणं कमी करतं. त्याच वेळी भूकही मरते. म्हणजे माणूस खात नाही म्हणून अल्ब्युमिन कमी, असं दिसतं, पण दोन्हीच्या मागं तिसरंच काहीतरी असतं. मानेतली नळी हे त्याचं मोठं कारण, टेक्निशियन म्हणाले ते यामुळं. मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम, किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या, बंद पडलेला जुना ग्राफ्ट (डायलिसिससाठी हातात बसवलेली कृत्रिम नळी), लपलेला क्षय. आपल्या भागात क्षयाचा विचार केलाच पाहिजे. डायलिसिसवाल्यात तो खोकल्याशिवाय, नुसता बारीक ताप, वजन घटणं आणि पडलेलं अल्ब्युमिन अशा वेशात येतो. अल्ब्युमिन म्हणजे थर्मामीटरचा पारा समजा. पारा खाली आणून ताप बरा होत नसतो, ताप कशानं आला ते शोधावं लागतं.

याशिवाय रक्तातलं वाढलेलं आम्ल. ते आवरणारं बायकार्बोनेट २२ च्या खाली राहिलं तर स्नायू मोडतात. मधुमेह्यांत थोडीफार लघवी होत असेल तर त्यातूनही प्रथिन जातं. यकृताचा आजार असेल तर वेगळंच. एवढं सगळं तपासायला एक सी.आर.पी., एक बायकार्बोनेट आणि पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत, मोजे काढून, नीट बघणं एवढं लागतं.

प्री-अल्ब्युमिन या यकृतातच बनणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाबद्दल कुणी विचारेल म्हणून आधीच लिहितो. ते दोन-तीन दिवसांत बदलतं, त्यामुळं आहाराचा परिणाम लवकर दाखवतं. डायलिसिसवाल्यांत ते डेसिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर कुपोषणाचा संशय घेतात. पण तेही सूज असली की पडतं, आणि आपल्याकडं ते नेहमीच्या तपासणीत नसतं. त्यामागं धावायची गरज नाही.

पेठभाग_हळद

डॉक्टर, मग डायलिसिस वाढवलं तर अल्ब्युमिन वाढतं का? आमच्याकडं एकानं सांगितलं वेळ वाढवा म्हणून.

वॉर्ड_राउंड

वडिलांना आठवड्यातून दोनच वेळा होत असेल, किंवा वेळेआधी उठत असतील, तर होय, पुरेसं डायलिसिस झाल्याशिवाय भूक लागणार नाही. मळमळ, तोंडाची चव जाणं हे कमी डायलिसिसचंही लक्षण असतं. पण एकदा पुरेसं झालं की आणखी जास्त युरिया काढून आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. २००२ साली अमेरिकेतली, १,८४६ रुग्णांवरची हेमो नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीची मात्रा आणि वाढीव मात्रा यांत मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही.

तासगाव_बागाईतदार

बेदाणे बंद केले. आता माझा प्रश्न. मागं वडिलांना एका खासगी दवाखान्यात ॲडमिट केलं होतं. तिथं 'अल्ब्युमिन कमी आहे, बाटल्या आणा' म्हणून रोज एक चिठ्ठी हातात यायची. हजारोंनी पैसे गेले. घरी आल्यावर महिन्यानं बघितलं तर आकडा होता तिथंच. त्या बाटल्यांचा उपयोग काय झाला मग?

वॉर्ड_राउंड

कागद बघितल्याशिवाय त्या वेळी गरज होती का नव्हती ते मी सांगू शकत नाही. लिव्हरच्या पेशंटचं पोटातलं पाणी मोठ्या प्रमाणात काढताना किंवा आणखी काही ठिकाणी अल्ब्युमिनची बाटली योग्य असते. पण डायलिसिसवाल्याचा रिपोर्टमधला आकडा सुधारावा एवढ्यासाठी बाटली लावण्यात अर्थ नाही. हिशेब बघा. वीस टक्क्यांच्या १०० मिली बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन असतं. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण अडीचशे-तीनशे ग्रॅम. आकडा चार दिवस वर येतो आणि मूळ कारण तसंच असेल तर परत उतरतो. ती बाटली म्हणजे अन्नही नव्हे. पुढच्या वेळी कुणी चिठ्ठी दिली तर शांतपणे विचारा : कशासाठी लावताय, किती लावणार, आणि कमी होण्याचं कारण काय सापडलं? विचारणं हा तुमचा हक्क आहे.

शिरेतून पोषण देण्याबद्दलही विचारतात. २००७ साली फ्रान्समधून फाइन नावाची चाचणी प्रसिद्ध झाली, १८६ कुपोषित डायलिसिस रुग्णांवर. तोंडानं पूरक आहार घेणाऱ्यांना शिरेतून आणखी पोषण दिल्यानं दोन वर्षांत जास्त जगण्याचा फायदा दिसला नाही. पण दोन्ही गटांत मिळून ज्यांचं प्री-अल्ब्युमिन पहिल्या तीन महिन्यांत चांगलं वर आलं, त्यांच्यात मृत्यू जवळपास निम्मे होते. तोंडानं खाता येत असेल तर तोच रस्ता.

भिलवडी_पीडी

मी स्वतः पेशंट आहे. पोटाचं डायलिसिस घरी करतो, म्हणजे पिशवीतलं द्रावण पोटात भरायचं आणि काही तासांनी काढायचं. आमच्यासारख्यांचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

पोटाच्या डायलिसिसमध्ये रोज पिशवीतून प्रथिन जातं, मला सांगितलंय ५ ते १५ ग्रॅम. पोटात इन्फेक्शन झालं की आणखी. द्रावणात साखर असते म्हणून पोट भरल्यासारखं वाटतं आणि जेवण जात नाही. मी उपाय असा काढलाय की पोटात पाणी भरायच्या आधी, पोट रिकामं असताना जेवतो. आधी अंडी, मासे, डाळ. भात-भाकरी शेवटी राहिली तर राहिली. श्रावण पाळायचो, तो सोडला. घरातल्यांना वाईट वाटलं पण आईनंच सांगितलं, देव समजून घेईल.

२०१९ च्या पुरात गावात पाणी शिरलं तेव्हा हिमोडायलिसिसवाल्यांचे हाल पाहिलेत. मिरजेला जायला रस्ता नाही, होडीतून माणसं काढली. माझ्या पिशव्या माळ्यावर होत्या म्हणून माझं चाललं. त्या दिवसांत मात्र खायला नुसती बिस्किटं आणि खिचडी. पुढच्या रिपोर्टला माझं अल्ब्युमिन उतरलेलं होतं. कृष्णाकाठच्या लोकांना सांगणं आहे, पावसाळ्याआधी पेशंटला जवळच्या पाहुण्यांकडं मिरजेत किंवा उंचावरच्या गावात हलवायची सोय आधी बोलून ठेवा, आणि तिथं काय खाणार तेही ठरवा.

निवृत्त_गुरुजी_इस्लामपूर

डॉक्टरांनी 'स्थिर' आणि 'उतरता' यातला फरक सांगितला तो मला कुणी आधी सांगितला असता तर बरेच दिवस सुखानं झोपलो असतो. भिलवडीच्या मित्राला आशीर्वाद. धागा चालू ठेवा.

उपवासाचं कुणी बोललं नाही म्हणून एक विचारतो. आमच्याकडं चतुर्थी, एकादशी, शिवाय गुरुवार. पत्नी सगळे करायची. हे चालतं का?

ताटवाटी

गुरुजी, उपवासाच्या ताटात साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, केळी. साबुदाण्यात प्रथिन नसल्यातच जमा, बटाटा-केळ्यात पोटॅशियम भरपूर, शेंगदाण्यात प्रथिन आहे पण फॉस्फरस आणि पोटॅशियमही आहे. आठवड्यात तीन दिवस डायलिसिसमुळं जेवण बुडतं, त्यात दोन उपवास आले तर उरले दोनच दिवस. ज्यांना सोडवत नाही त्यांना मी म्हणते, उपवास करा पण त्या दिवशी दूध-पनीर-दही तुमच्या हिशेबात बसेल तेवढं घ्या, वरी घ्या, आणि डायलिसिसच्या दिवशी उपवास धरू नका. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी तर मौलानांना आणि डॉक्टरांना दोघांनाही आधी विचारावं, आजारी माणसाला सवलत असते.

अंकलीची_लेक

सकाळची पाळी मिळाली! सिस्टरांनी दुसऱ्या एका पेशंटशी बोलून अदलाबदल करून दिली. सासूबाई आता घरी येऊन दुपारी जेवतात आणि दिवस मावळायच्या आत परत थोडं खातात. मूगडाळीचं धिरडं आणि पनीर त्यांना आवडायला लागलंय. ताटवाटी ताई, तुमचं ताट डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पनीर थोडं कमी केलं आणि बाकी चालेल म्हणाले.

विश्रामबागकर

आमच्याकडचं सांगतो. वॉर्ड राउंड डॉक्टरांचं वाचून आम्ही आईच्या डॉक्टरांकडं सी.आर.पी. मागितला. बराच वर आला. डॉक्टरांनी पाय बघितले, ठीक होते. तोंड उघडायला लावलं. मागच्या दोन दाढांखाली पू होता. ती कधी बोललीच नव्हती, एका बाजूनं चावत होती आणि 'भूक नाही' म्हणत होती. डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन असतं, म्हणून डायलिसिस नसलेल्या दिवशी दाढा काढल्या, त्याआधी किडनीच्या आणि दातांच्या डॉक्टरांचं आपसांत बोलणं करून दिलं. पथ्याचा नवा कागद लिहून घेतला. ड्राय वेटही कमी केलंय, नडगीवरचा खड्डा आता उथळ झालाय. अल्ब्युमिन पुढच्या महिन्यात कळेल. वीस दिवसांनी निम्मं बदलणारी गोष्ट आहे, लगेच आकडा हलणार नाही हे आईलाही समजावलंय. पण ज्वारीची भाकरी आणि घट्ट डाळ आता पुरी संपते.

पेठभाग_हळद

वडिलांचं विचारलं. अंडी सुरू केली, रोज दोन पांढरे. मानेतली नळी अजून आहे, फिस्टुलाचं ऑपरेशन पुढं ढकलत होतो, आता तारीख घेतली. एक अडचण आहे. डायलिसिस महात्मा फुले योजनेतून चालू आहे. सी.आर.पी. आणि अल्ब्युमिनच्या तपासणीचे पैसे वेगळे भरायचे का? आमच्याकडून एकदा घेतले होते.

रात्रपाळी_टेक्निशियन

हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा टेबल असतो, तिथं जा. डायलिसिसच्या पॅकेजमध्ये कोणत्या तपासण्या धरल्यात ते त्याच्याकडून तुमच्या कार्डावर बघून घ्या, आणि आधी भरलेल्या पैशाची पावती सोबत ठेवा. तो नसेल तर योजनेच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवता येते, नंबर त्याच टेबलाजवळच्या फलकावर लिहिलेला असतो. फिस्टुलाबद्दलही तिथंच विचारा. आणि फिस्टुला ज्या हातावर करायचा ठरेल, त्या हातातून आजपासून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. शिरा शाबूत राहिल्या पाहिजेत.